मनातलं विचारा : देवरशाकडं जायचं की डॉक्टरकडं?

आफ्रिकेतल्या पारंपरिक उपचारांतनं मानसोपचारानं काय शिकावं यावर मी मधे एक भाषण केलं होतं. या वेळी पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज मिळून चार जणांनी जवळपास एकच गोष्ट विचारलीय, म्हणून हा अंक त्यालाच दिलाय. बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात नक्की घेते.

प्रश्न : ताई नमस्कार, मी खानापूर तालुक्यातला. धाकट्या भावाची बायको गेल्या पावसाळ्यापासून बोलायची बंद झालीय, झोप नाही, जेवण नाही, रात्री मधेच उठून दारात उभी राहते. आईनं आधी देवरशाकडं नेलं, त्यानं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, उतारा झाला, अंगारा झाला, दोन अमावस्या गेल्या. मग मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टर कन्नडमधून विचारायलेत आणि हिला मराठीशिवाय येत नाही, सगळी उत्तरं मीच दिली, पाच मिनिटात गोळ्या लिहून बाहेर. आता आई म्हणते, देवरशी निदान तिचा हात धरून बोलला तरी, डॉक्टरनं मान वर करून बघितलं नाही. परवा एका व्हिडिओत बघितलं की परदेशातले मानसोपचारवाले आफ्रिकेतल्या पारंपरिक वैद्यांकडून शिकतात म्हणे. हे खरं काय? आणि खरं असलं तर आमच्या देवरशानं काय घोडं मारलंय?

उत्तर : दादा, आधी वहिनींचं बघू, आफ्रिका नंतर. जेवण-झोप-बोलणं तिन्ही इतके दिवस बंद असेल तर डॉक्टर सोडून चालणार नाही. गोळ्या मनानं बंद करू नका, रक्त तपासून घ्या, बाळंतपण झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि पुढच्या खेपेला तिच्यासोबत मराठी कळणारं कुणीतरी आत बसवा म्हणून हट्ट धरा, भांडा लागलं तर. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर रात्री-अपरात्री पण लागतो आणि भाषा निवडता येते. मरणाचं काही बोलली किंवा पाणीसुद्धा घ्यायची बंद झाली तर नंबर बिंबर नाही, सरळ गाडी करून दवाखाना.

आता तुमचा प्रश्न. होय, खरं आहे. पण ते लोक तिथल्या वैद्याकडनं अंगारा शिकायला जात नाहीत, ते काय शिकतात ते जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या आईच्या बोलण्यातच अर्धं उत्तर आहे.

व्हिक्टर टर्नर नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ १९५० ते ५४ या काळात आजच्या झांबियाच्या वायव्य भागातल्या न्देम्बू लोकांच्यात राहिला होता. त्यांच्यात इहाम्बा म्हणून एक विधी आहे. माणूस सारखा आजारी पडायला लागला की म्हणायचं, एका मेलेल्या शिकाऱ्याचा दात याच्या अंगात शिरलाय, तो काढायला पाहिजे. मग वैद्य येतो, ढोल वाजतात, अंगाला शिंगाच्या तुंबड्या लावतात. ऐकायला आपल्या उताऱ्यासारखंच वाटतं ना. पण वैद्य मधेच ढोल थांबवतो आणि जमलेल्यांना म्हणतो, या माणसाबद्दल ज्याच्या पोटात काही राग असेल त्यानं इथं पुढं येऊन बोलून दाखवा, नाहीतर दात निघणार नाही. एकेक जण पुढं येतो, मेव्हणा येतो, भाऊबंद येतात, याला वाईट बोललो होतो, याच्याबद्दल मनात धरून होतो असं सगळ्यांसमोर सांगतात, आणि आजारी माणसाला पण आपलं सांगावं लागतं. परत ढोल, परत थांबणं, असं तासन्‌तास. शेवटी दात निघतो. टर्नरनं जो आजारी बघितला तो गावात सगळ्यांच्या नजरेतनं उतरलेला, एकटा पडलेला माणूस होता, आणि वैद्यानं विधीच्या आधीच गावात कुणाचं कुणाशी काय वाकडं आहे ते बारकाईनं विचारून घेतलं होतं.

दात खरा की खोटा हे सोडून द्या. त्या वैद्यानं आजार एका माणसाच्या डोक्यातनं काढून सगळ्या गावाच्या मधोमध ठेवला. आम्ही मानसोपचारवाले काय करतो? माणसाला घरातनं उचलतो, बंद खोलीत बसवतो, पाऊण तास बोलतो आणि परत त्याच घरात सोडतो, जिथं काहीच बदललेलं नसतं.

आपल्याकडं हे अगदीच नाही असं नाही. गावदेवीपुढं गाऱ्हाणं घालतात तेव्हा तुम्ही उभे राहिला असालच, घरचा वडीलधारा नारळ हातात धरून नाव घेऊन सांगतो, ह्या लेकराला अमकं झालंय, काय चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, आणि मागं उभे असलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सुनेचं नाव त्या वेळी पहिल्यांदा मोठ्यानं, मायेनं, चारचौघांत घेतलं जातं. ही ताकद लहान नाही. आणि आफ्रिका म्हणजे लांबचं काहीतरी असंही समजू नका, आपल्या खानापूर-हल्याळच्या रानातल्या सिद्दी लोकांचे पूर्वज तिकडूनच आलेले, त्यांचा दमाम हा ढोल वाजताना सगळा पाडा कसा गोळा होतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

तुमच्या देवरशानं हात धरला, ते चांगलं केलं. पण नंतर 'बाहेरचं' म्हणून बोट बाहेर दाखवलं. कुणी केलं असेल, शेजारणीनं की जावेनं, हा संशय घरात सोडून तो निघून गेला, आणि असा संशय बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईच्या दारात जाऊन बसतो. आफ्रिकेत पण असं होतं, चेटकीण ठरवून म्हाताऱ्या बायकांना गावाबाहेर काढलेलं आहे, तिथलं सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. इहाम्बात मात्र प्रत्येकाला आपल्याच पोटातलं काढायला लावतात. तेवढं घ्यायचं. गोळ्या चालू ठेवा आणि एक दिवस सगळे घरात बसा, भाऊ, आई, तुम्ही. तिला बोलायला लावू नका, तुम्ही आपापलं बोला.

प्रश्न : मॅडम, मी बेळगावात सायकॉलॉजीत एमए करतेय. सगळा अभ्यास अमेरिकन पुस्तकांतनं. पेशंटला घरच्यांपासून वेगळं बसवा, सीमा पाळा, असं शिकवतात. आफ्रिकन पद्धतींतनं आपण प्रत्यक्ष खोलीत नेमकं काय उचलायचं?

उत्तर : तुझ्या वयाची असताना मी पण असंच करायची. एक मुलगी यायची, सोबत सासू. मी सासूला बाहेरच्या बाकावर बसवायची, दर वेळी. चौथ्या खेपेला दोघी आल्याच नाहीत. नंतर ती सासू मला बाजारात भेटली आणि म्हणाली, "तुम्ही आत काय बोलताय ते आम्हास्नी कळंना, मग घरी कसं वागायचं की ओ?" ते वाक्य अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलंय.

डॉ. थॉमस अडेओये लांबो हे नाव लिहून ठेव. नायजेरियाचे, इंग्लंडात मानसोपचार शिकून परत गेलेले. १९५४ मधे अबेओकुटाजवळ आरो इथलं मनोरुग्णालय त्यांच्याकडं आलं, तर त्यांनी पेशंटना आजूबाजूच्या खेड्यांत लोकांच्या घरी भाड्यानं ठेवलं, अट एकच, सोबत घरचं एक माणूस पाहिजे, रांधायला, धुवायला, सोबत दवाखान्यात यायला. दिवसा औषधोपचार, संध्याकाळी गावातलं जगणं. पारंपरिक वैद्यांना त्यांनी कामात सोबत घेतलं. पुढं हेच लांबो जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले, म्हणजे ही काय खेडवळ कल्पना म्हणून कुणी उडवून लावली नाही. तिकडं सेनेगलमधे डकारच्या फान हॉस्पिटलात आंरी कोलोम्ब या फ्रेंच डॉक्टरांनी पेशंट, नातेवाईक, नर्स, डॉक्टर सगळ्यांची एकत्र बैठक सुरू केली, तिला नावच 'पेंच' दिलं, वोलोफ भाषेत गावकीची बैठक, आपला पार समज. आणि आपल्याकडं अमृतसरला डॉ. विद्यासागर १९५०च्या दशकात हॉस्पिटलच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना ठेवून घेत होते, हे आपल्या अभ्यासात ठळकपणे यायला पाहिजे होतं असं मला फार वाटतं. आपल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याचा व्हरांडा बघ, चटई, डबा, पाण्याची बाटली, प्रत्येक पेशंटमागं दोन माणसं. आम्ही त्यांना गर्दी म्हणतो.

पण एक धोका सांगते आणि हा नीट ऐक. घरचे सगळे आत घ्यायचे म्हणजे डोळे मिटून नाही. मारहाण घरातच होत असेल, लग्नाआधीचं काही मनात असेल, तर ते चारचौघांत काढणं म्हणजे त्या पोरीला खड्ड्यात ढकलणं. आधी तिच्याशी एकटीशी बोल, तिला विचार, कोण आत चालेल. ढोलाच्या गराड्यात गुपित ठेवायला जागा नसते, बंद खोलीत असते, ती आपली जमेची बाजू आहे, ती सोडायची नाही.

दुसरं म्हणजे शब्द. पेशंट "जीव लागंना झालाय" म्हणाला की आपण लगेच वहीत डिप्रेशन लिहितो. झिम्बाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे विचार लई करणं, आणि तिथल्या लोकांच्या लेखी तोच आजार आणि तेच कारण. डॉ. डिक्सन चिबांडा तिथले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची एक पेशंट तपासणीला येऊ शकली नाही कारण बसला पैसे नव्हते, आणि तिनं जीव दिला. त्या धक्क्यातनं त्यांनी २००६ मधे हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्या घेतल्या, त्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवलं, पेशंटनं यायचं आणि आजीशेजारी बसायचं. आज्यांनी डॉक्टरी शब्द वापरले नाहीत, टप्प्यांना त्यांच्याच भाषेतली नावं, मन उघडणं, उचलून धरणं, बळ देणं. आज्या म्हणजे पारंपरिक वैद्य नव्हेत, पण वस्तीनं ज्यांच्यापुढं मन मोकळं करावं अशा बायका. २०१६ मधे यावरचा अभ्यास छापून आला, ५७३ लोक, आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होता.

तिसरं, शेवट कसा करायचा. सेनेगलच्या लेबू लोकांच्यात न्दोप नावाचा अनेक दिवस चालणारा विधी असतो, त्रास देणाऱ्या 'राब'चं, म्हणजे अंगात येणाऱ्या आत्म्याचं, नाव शोधून काढतात, त्याला घराशी जागा बांधून देतात, आणि बरा झालेला माणूस नंतर त्या मंडळीतलाच एक होतो, दुसऱ्याच्या विधीला जातो. आपण काय करतो, शेवटचं सेशन, फाइल बंद. माझ्याकडं एक मुलगा सहा महिन्यांनी परत दुकानात बसायला लागला तेव्हा त्याच्या आईला मी म्हटलं, त्या दिवशी पुरणपोळी करा आणि गल्लीतल्या चार घरी देऊन या, तोच घेऊन जाऊ दे. तो ताट घेऊन गेला. महिनाभर ज्यांनी त्याच्याकडं बघायचं टाळलं होतं त्यांनी ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून त्यात साखर घालून दिली. त्या चिमूटभर साखरेनं जे झालं ते माझ्या दहा सेशननी झालं नव्हतं.

प्रश्न : मी निपाणीची, बिड्या वळते. आधी आम्ही दहा-बारा जणी एका जागी बसून वळायचो, आता घरात एकटीच सूप मांडीवर घेऊन बसते. डोक्यात सारखे विचार, छातीत धडधड. ही कुफुंगी का काय ते मलाच झालंय काय? मैत्रिणीनं तुमचं भाषण ऐकून सांगितलं.

उत्तर : मावशी, धडधड आहे तर आधी एकदा बीपी आणि रक्त बघून घ्या, तंबाखूच्या धुरळ्यात बसता म्हणून छाती पण तपासा. ते ठीक निघालं तर औषध तुम्ही स्वतःच लिहिलंय की. सूप उचला आणि आठवड्यातनं तीन दिवस तरी कुणाच्या तरी कट्ट्यावर जाऊन बसा, पानं कापताना हात चालू असतात आणि तोंड मोकळं असतं, डोळ्यात डोळे घालून बोलावं लागत नाही म्हणून मनातलं सहज निघतं. दोन आठवड्यांत फरक नाही पडला, झोपच उडाली, तर मात्र डॉक्टर.

प्रश्न : मी चिकोडीचा निवृत्त शिक्षक. तुमचं भाषण ऐकलं, वाईट वाटलं. आधीच लोक अंधश्रद्धेत बुडालेत, त्यात तुम्ही त्यांना शास्त्राचा दाखला देताय. कर्नाटकानं अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला तो कशासाठी?

उत्तर : सर, तुमचा राग मला मान्य आहे आणि कायदाही मान्य आहे, २०१७ चा तो कायदा २०२० पासून लागू आहे आणि असायलाच पाहिजे. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या निवाऱ्यात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा २८ माणसं जळून मेली कारण ती साखळदंडानं बांधलेली होती, त्यांना पळता आलं नाही. घानातल्या प्रार्थना छावण्यांत पण माणसं झाडाला बांधलेली सापडलीत. त्या बाबतीत माझ्याकडं परंपरा बिरंपरा काही नाही, २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे.

पण त्याच तमिळनाडूत मुथुस्वामीच्या एका देवळात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मंडळींनी केलेला अभ्यास २००२ मधे छापून आला, तो पण बघा. गंभीर मानसिक आजाराची ३१ माणसं, सरासरी सहा आठवडे तिथं राहिलेली, गोळ्या नाहीत, मंत्रतंत्र नाही, मारणं-बांधणं नाही, घरचं एक माणूस सोबत, देवळाची झाडलोट, झाडांना पाणी, असली कामं. लक्षणं मोजली तर जवळपास वीस टक्क्यांनी कमी झाली होती. लहान अभ्यास आहे, यावरनं गोळ्या फेकून द्या असं कुणी म्हणू नये, मी तर नाहीच. पण एरवाडी आणि हे देऊळ एकाच राज्यातलं, दोन्हीकडं देव होता. फरक साखळीचा होता, आणि सोबत घरचं माणूस असण्याचा.

तुमच्या भागात कुठं कुणाला बांधून ठेवलेलं दिसलं तर पोलिसांना कळवा, पोलीस टाळाटाळ करत असतील तर मला कळवा, मी येते. तुमच्यासारखा गावानं मान दिलेला शिक्षक सोबत असला तर देवरशाशी बोलणं मला सोपं जाईल. मागच्या वर्षी एका देवरशाला मी एवढंच सांगितलं होतं की तुझ्याकडं येणारा माणूस तीन दिवस जेवला नसेल किंवा जीव द्यायचं बोलत असेल तर अंगारा दे पाहिजे तर, पण त्याच दिवशी माझ्याकडं पाठव. आतापर्यंत त्यानं पाच जण पाठवलेत.