कोर्टात एक्सपर्ट विटनेस झालेला इंजिनिअर, फी देणाऱ्याची बाजू घेतो का?

घ्यायला नको, पण मोह होतो हे खरंय. फी एक पार्टी देते, तरी त्याची बांधिलकी कोर्टाशी असते, त्यामुळे केस जिंकली तर इतके टक्के असली फी ठरवायचीच नाही, तिथेच विश्वास संपतो.

साधा साक्षीदार पाहिलं तेवढंच सांगतो, एक्सपर्टला मत देता येतं. हे जुनंच आहे, १७८२ साली इंग्लंडमध्ये वेल्स नावाच्या गावाचं बंदर गाळाने का भरतंय या खटल्यात जॉन स्मीटन या इंजिनिअरचं मत ग्राह्य धरलं होतं.

खरं काम साइटवर आणि लॅबमध्ये. समजा बोल्ट तुटला, तर तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या की फटीग, म्हणजे क्रॅक हळूहळू वाढत गेला, एकदम ओव्हरलोडने तुटला नाही. आणि तुटलेले तुकडे परत जुळवून बघायचे नाहीत हं, घासून पुरावाच जातो!

मग उलटतपासणी. वकील तुमचे जुने रिपोर्ट काढून विचारतो, तेव्हा उलटं का लिहिलं होतं? तिथे भलेभले गडबडतात. आपल्या विषयाबाहेरचं विचारलं तर सरळ 'हे माझं क्षेत्र नाही' म्हणायचं.