वॅगनच्या शेपटीला काय शोभतं?

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्या

जुन्या इस्टेट गाड्यांच्या, म्हणजे मागं सामानाची जागा असलेल्या वॅगनांच्या, सायलेन्सरचं टोक कसं असावं, यावर आलेल्या पत्रांतली सहा या वेळी घेतली आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त लागली, कारण खरी गोम तिथंच आहे.

प्रश्न : आमच्याकडे १९६० च्या दशकातली अ‍ॅम्बेसेडर मार्क टू इस्टेट आहे. रंग, सीटा, मागचं दार सगळं मूळच्यासारखं करून घेतलं. सायलेन्सरला मात्र मिस्त्रीनं स्टीलची चकचकीत, दोन तोंडांची नळी बसवली. रॅलीत एकानं नाक मुरडलं. त्या काळी टोक नेमकं कसं असायचं?
— वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाक मुरडणाऱ्याचं बरोबर होतं. १४८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला पाइप एकच. दोन तोंडं लावणं म्हणजे बैल एक आणि शेपट्या दोन. शिवाय दुहेरी पत्र्याची, कड आत वळवलेली, तिरकी कापलेली स्टीलची नळी ही अलीकडची फॅशन. साठच्या दशकातल्या गाडीवर ती लांबूनही खटकते.

कारखान्यातून या गाड्या साध्या, सरळ कापलेल्या पाइपावर बाहेर पडायच्या. त्यामुळे काहीच न लावणं हा सगळ्यात अस्सल पर्याय. पाइप सरळ कापा, कानस मारून कड साफ करा, उष्णता सोसणारा काळा किंवा अ‍ॅल्युमिनियम रंग द्या, झालं. आमचं मत याच बाजूचं आहे.

काही लावायचंच असेल, तर त्या काळी हौसेनं बाजारातून आणून बसवायचे त्यातलं लावा. ढोबळमानानं तीन प्रकार होते. एक, सरळ नळी, पाइपापेक्षा जेमतेम मोठी, निकल-क्रोम केलेली. दोन, तोंड खाली वळवलेली नळी. धुराची काजळी बंपरवर बसू नये म्हणून. ही अमेरिकन गाड्यांवर जास्त दिसायची, प्लिमथ किंवा शेव्हरोलेट वॅगनला शोभतेही. तीन, माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड. ते मूळचं दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश गाड्यांचं. नंतरही विकलं जायचं, पण कुटुंबाच्या इस्टेटीवर जरा नाटकी वाटतं. तुमच्या गाडीला पहिला प्रकार.

माप असं घ्या. पाइपाच्या शेवटच्या चार इंचांवरचा गंज वायर ब्रशनं काढा, भोवती दोरा एक वेढा गुंडाळा, लांबी मोजून ३.१४ नं भागा. दोरा १२० मिमी भरला तर पाइप ३८.२ मिमी, म्हणजे दीड इंची. त्यावर आतून ३९ मिमीची नळी हवी. एक मिलिमीटरपेक्षा जास्त ढिली असेल तर क्लॅम्प कितीही आवळा, खडखडणारच. पाण्याच्या पाइपाचा तुकडा वापरायचा मोह टाळा. सव्वा इंची म्हणून मिळणारा पाइप बाहेरून ४२.४ मिमी भरतो, भिंत जाड, वजन जास्त, आणि त्यावरचं जस्त वेल्डिंग करताना विषारी धूर सोडतं. १६ गेजची, म्हणजे १.६ मिमीची ट्यूब घ्या.

नळीच्या आतल्या टोकाला हॅकसॉनं समोरासमोर दोन चिरा द्या, २५ मिमी लांब. नळी ४० ते ५० मिमी पाइपावर सरकवा आणि चिरांवर क्लॅम्प आवळा. बंपरच्या कडेपासून मागं इंचभर डोकावली की पुरे. वेल्डिंग करू नका. पुढं नळी काढायची वेळ आली तर पाइपच कापावा लागतो.

आवळण्यापूर्वी एक गोष्ट नक्की बघा. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबायला सांगा आणि मागं बसून नळीकडं बघा. इंजिन डुलतं तसं टोकही सेंटिमीटरभर हलतं. इंजिन ज्यांवर टेकतं ती माउंटिंगची रबरं दबलेली असतील तर दुप्पट. बंपर आणि नळी यांत चहूकडून १५ मिमी मोकळी जागा नसेल तर एका विशिष्ट वेगाला गाडीभर घुमल्यासारखा आवाज येतो, आणि लोक मागच्या चाकांमधली गिअरपेटी (डिफरन्शियल) उघडून बसतात.

चपटं तोंड लावलंच तर हिशेब करून. दीड इंची पाइपाचं आतलं छिद्र साधारण ३५ मिमी, म्हणजे सुमारे ९५० चौरस मिमी. तोंड ७५ मिमी रुंद असेल तर फट किमान १३ मिमी हवी. बाजारातल्या कित्येक नळ्यांची फट बोट जाणार नाही इतकी असते. त्यानं इंजिन कोंडतं आणि चढाला दम टाकतं.

प्रश्न : वॅगनमध्ये मागच्या सीटवर पोरं बसली की डोकं दुखतं म्हणतात. मागची काच उघडली की वास वाढतो. लांब टोक लावलं तर भागेल का?
— वाचक, खानापूर

उत्तर : आधी पोरांना मागं बसवणं थांबवा. वास धुराचा येतो. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकेदुखी, मळमळ ही त्याची पहिली खूण.

काच उघडल्यावर वास वाढतो यात नवल नाही. वॅगनची पाठ उभी, चौकोनी. गाडी धावते तेव्हा पाठीमागं हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा भोवऱ्यासारखी वळून दाराकडं येते. पाइपातून निघालेला धूर त्याच भोवऱ्यात सापडतो आणि उघड्या काचेतून आत शिरतो. पुढच्या काचा बंद आणि मागची उघडी, ही सगळ्यात वाईट स्थिती. लांब बांबू न्यायचे म्हणून मागचं दार उघडं ठेवावंच लागलं, तर पुढच्या काचा पूर्ण खाली घ्या, वेग कमी ठेवा, मागं कुणी बसू नये.

टोकानं निम्मं काम होतं. पाइप गाडीच्या फरशीखालीच, बंपरच्या आत संपत असेल तर धूर थेट फरशीच्या भोकांतून वर येतो. तो बंपरच्या मागं निदान एक इंच गेलाच पाहिजे. खाली वळवलेलं तोंड वॅगनवर फारसं उपयोगाचं नाही, काजळी वाचते पण धूर गाडीखाली घुटमळतो. खानापूरकडच्या कच्च्या रस्त्यावर ते धूळही उडवतं.

उरलेलं निम्मं काम गळती शोधण्याचं. इंजिन थंड असतानाच चालू करा, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्यानं पाइपाचं तोंड तीन-चार सेकंद दाबा. मॅनिफोल्डपासून, म्हणजे पाइप इंजिनाला जोडतो तिथून, शेवटपर्यंत जिथं फुस्स ऐकू येईल तिथं गॅस्केट किंवा सांधा गेलेला. मग मागच्या दाराचं रबर. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. दर वीतभर अंतरावर असं करत चौकटभर फिरा. पट्टी सहज निघते तिथं रबर दबून गेलंय. खालच्या दोन कोपऱ्यांत बहुतेक सापडतंच. मागच्या दिव्यांच्या वायरी जातात ती भोकंही बघा. त्यांच्या कडेचे रबरी ग्रोमेट (रिंगा) वाळून गळालेले असतात आणि तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

प्रश्न : स्टेनलेस बरं की निकल-क्रोम? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेता येईल का?
— वाचक, शहापूर

उत्तर : येईल. टिकायला स्टेनलेस, दिसायला क्रोम. शेजारी बंपर असतो, त्यामुळं फरक लपत नाही. क्रोमची झाक निळसर, पॉलिश केलेल्या स्टेनलेसची किंचित पिवळट.

क्रोम करायला देताना प्लेटिंगवाल्याला तीन गोष्टी सांगा. तांबं, मग निकल, मग क्रोम असे तिन्ही थर हवेत. निकल २० मायक्रॉनच्या खाली नको, कारण गंज निकल अडवतं. वरचं क्रोम मायक्रॉनभरही नसतं. आणि वेल्डचा सांधा सलग भरून, घासून मगच टाकीत जावा. सांध्यात बारीक भोकं राहिली तर अ‍ॅसिड आत मुरतं आणि महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी डाग फुटून बाहेर येतो. दोष प्लेटिंगवाल्याच्या माथी बसतो, चूक मात्र वेल्डिंगची असते.

नळीच्या आत थर नीट चढत नाही. तिथं उष्णतेचा काळा रंग आधीच देऊन ठेवा.

जुनी नळी मुंबईच्या चोर बाजारात किंवा बेंगळुरूच्या शिवाजीनगर गुजरीत मिळाली, तर खिशात लोहचुंबक असू द्या. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर पितळ किंवा स्टेनलेस. आतून खिळ्यानं ओरखडा काढा, पिवळं दिसलं की पितळ. जुनं पितळ पुन्हा निकल करायला सगळ्यात चांगलं.

प्रश्न : नवी क्रोमची नळी दोन महिन्यांत निळी पडली. माल खराब?
— वाचक, निपाणी

उत्तर : माल खराब असेलही, पण आधी इंजिनातल्या ठिणगीचं टायमिंग तपासा. ठिणगी उशिरा पडत असेल किंवा कार्बुरेटर पेट्रोल कमी देत असेल तर धूर जास्त तापून बाहेर पडतो. शेवटच्या टोकापर्यंत एवढी आच येणं बरं नव्हे. तिकडं इंजिनात व्हॉल्व्हही भाजत असतील. टायमिंग लावून घ्या, मग नळी क्रोम पॉलिशनं घासा. हलका निळेपणा निघतो, गडद राहतो.

प्रश्न : पावसाळ्यात टोकातून काळं पाणी ठिबकतं, अंगणातली फरशी खराब होते.
— वाचक, चिक्कोडी

उत्तर : एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. गाडी गरम झाली की ते वाफ होऊन जातं. बाजारापर्यंत जाऊन परत आलात तर सायलेन्सरमध्येच साचतं, काजळी घेऊन ठिबकतं आणि आतून पत्रा खातं. आठवड्यातून एकदा २०-२५ किलोमीटर सलग फिरवा. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं एक भोक पाडलं तरी चालतं. नळी बसवताना तोंडाकडं किंचित उतार ठेवा. वर उचललेलं तोंड ऐटदार दिसतं, पण पाणी आत धरून ठेवतं.

प्रश्न : गाडी पन्नास वर्षांवरची आहे, व्हिंटेज नंबर घ्यायचाय. टोक बदललं तर अडेल का? आणि पीयूसीवाला (धूर तपासणारा) म्हणतो, यंत्राची नळी टोकातून आत जात नाही.
— वाचक, बैलहोंगल

उत्तर : २०२१ च्या नियमांत चासिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत असं आहे. क्लॅम्पवर बसवलेली, पान्यानं निघणारी नळी हा असा फेरफार ठरत नाही. नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात आणि गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हे लक्षात ठेवून अर्ज करा.

पीयूसीची नळी पाइपात निदान ३०० मिमी जावी लागते. वळवलेल्या किंवा चपट्या तोंडातून ती जात नाही. अर्धवट घातली तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा चांगला येतो. जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा आहे. कार्बुरेटर नीट लावला तर ती गाठता येते. केंद्रावर जाताना क्लॅम्पचा पाना सोबत ठेवा, टोक काढा, तपासणी झाली की परत चढवा.