रोबोटच्या हाती वॉलेट देण्याआधी

रोबोट इथेरियम या ब्लॉकचेनवर (सामायिक डिजिटल खातेवहीवर) स्वतः पैसे घेणार-देणार असेल, तर पहिला प्रश्न प्रायव्हेट की, म्हणजे व्यवहारावर सही करणारी गुप्त किल्ली, कुठे राहणार हा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एसडी कार्डावर ठेवलीत तर कार्ड काढणारा पैसेही काढेल. सिक्युअर चिप (की बाहेर न देता आतच सही करणारी) लावा, पण जपून: एटीईसीसी६०८ ही अशी चिप पी-२५६ या गणिती वक्रावर सही करते, इथेरियमची साधी खाती मात्र सेकपी२५६के१ या दुसऱ्या वक्रावर चालतात. म्हणजे पी-२५६ सही तपासणारं कॉन्ट्रॅक्ट वॉलेट, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमने चालणारं वॉलेट, लागेल. त्यातच रोजची खर्चमर्यादा घाला. मालकाची की रोबोटवर नकोच.

खरी डोकेदुखी पुढे आहे. ‘काम झालं’ असं रोबोटच सांगणार आणि पैसेही त्यालाच मिळणार, हे चालत नाही. ब्लॉकचेन सही तपासते. फरशी खरंच पुसली का, हे तिला कळत नाही. रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या ताब्यात, ठेवा, ग्राहकाने मान्य केल्यावरच सोडा. ग्राहक गप्पच बसला तर मुदतीनंतर पैसे कोणाकडे जाणार, तेही कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच लिहा. नवखे नेमकं हेच विसरतात.

कमी फीचा एक व्यवहार अडकला की पुढच्या नॉन्सचे (नॉन्स म्हणजे खात्यातल्या व्यवहाराचा अनुक्रमांक) सगळे रांगेत थांबतात. तोच नॉन्स ठेवून किमान १० टक्के जास्त फीने पुन्हा पाठवा.

आरओएस २ या रोबोट सॉफ्टवेअरमध्ये सहीचा नोड (स्वतंत्र चालणारा भाग) मोटरच्या नोडपासून वेगळा ठेवा. व्यवहार पक्का होईपर्यंत ब्रेक अडून राहता कामा नये. सुरुवात अर्थातच सेपोलियासारख्या टेस्टनेटवर, म्हणजे खरे पैसे न लागणाऱ्या चाचणी नेटवर्कवर.