क्वार्कचं श्रीखंड शाकाहारी आहे का?

प्रश्न: आम्ही श्टुटगार्टला राहतो, घर पक्कं शाकाहारी. चौदा वर्षांची लेक म्हणते, "चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, मग आपण कसले व्हेज?" पाडव्याला तिने श्रीखंडाची वाटीही परत केली. सासूबाई आल्यात, त्यांच्या मते ही सगळी इकडची थेरं. मी दोघींच्या मध्ये अडकलेय.

उत्तर: लेक बरोबर बोलतेय, हे आधी तिच्यासमोर मान्य करून टाका.

दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात रेनेट तयार होतं, दूध साकळवायला ते वापरतात. जर्मनीत त्याला 'लाब' म्हणतात. पार्मेजानो रेज्जानोला तर वासराचंच लाब लागतं, तसा त्या नावाचा नियमच आहे. पास्त्यावर ते किसलंत की शाकाहार संपला. गौडा, एमेंटाल दोन्ही प्रकारांनी करतात. 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलेलं असेल तर ते सूक्ष्मजीवांपासूनचं, बिनधास्त घ्या. मेख अशी, की युरोपात साध्या चीजवर घटकांची यादी छापायची सक्ती नाही, आणि लाब त्या सवलतीत बसतं. तेव्हा वेष्टनावर दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका. पिवळं व्ही-लेबल, म्हणजे शाकाहाराची खूण, बघा, नाहीतर कंपनीला ईमेल करा. ईमेल लेकीलाच लिहू द्या, तिचं जर्मन आपल्यापेक्षा बरं असणार.

आता श्रीखंड. टांगायची कटकट नको म्हणून आपण इथे सर्रास क्वार्क, म्हणजे चक्क्यासारखं तयार ताजं चीज, आणतो. पण क्वार्क करताना विरजणासोबत बऱ्याचदा थोडं लाबही घालतात. म्हणजे पोरीने वाटी सारली ती उगाच नाही. साधं दही, म्हणजे नाटुअरयोगुर्ट, आणा, साडेतीन टक्के फॅटचं. दीड टक्क्याच्या चक्क्यात जीव नसतो. पंचात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगा, खाली गळलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात जिरवा. हे काम सासूबाईंकडे द्या. नातीसाठी चक्का टांगायला त्या नाही म्हणणार नाहीत, आणि थेरांचा विषयही आपोआप मागे पडेल. पनीर घरी लिंबावर फाडत असाल तर तिथे प्रश्नच नाही.

मात्र लाब सोडलं की हात धुऊन मोकळं होता येत नाही. गाय दूध देते ती व्यायल्यावर. इथल्या डेअऱ्यांत वासराला सहसा काही तासांत, फार तर काही दिवसांत आईपासून वेगळं करतात. कालवड गोठ्यात राहते, गोऱ्हा बहुधा मांसासाठी जातो, दूध आटलेली गायही त्याच वाटेने. लेक आज ना उद्या इथवर येणारच.

"आपल्याकडे असं नसतं," असं सासूबाई म्हणतील. महाराष्ट्रात 2015 पासून गायींसोबत बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, खरं. पण म्हशींना ती सरसकट लागू नाही, आणि म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत भारत आहे. रेडकाचं पुढे काय होतं, ते म्हशी पाळणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून काय, दूध बंद? मी तसं सांगणार नाही, माझाही सकाळचा चहा दुधाचाच असतो. ओटचं दूध कॉफीत खपतं, आल्याच्या चहात मला तरी नाही जमलं. पण घरात येणारं दूध कमी करता येतं. वासराला आईजवळ ठेवणारे थोडे गोठे जर्मनीत आहेत. पाकिटावर 'मुटरगेबुंडेन' शोधा, महाग पडतं. केकमधलं अंडं चालत असेल तर अंड्यावरचा पहिला आकडा बघा: 0 सेंद्रिय, 3 पिंजऱ्यातलं. अंडी न देणारी कोंबडीची नर पिल्लं मारणं जर्मनीत 2022 पासून बंद आहे, पण तयार बिस्किटांत बाहेरच्या देशाचं अंडं असू शकतं.

लेकीने दूध पूर्ण सोडलं तर बी-12 ची गोळी हवीच, त्यात घासाघीस नको. कॅल्शियमचं तिच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि सासूबाई आहेत तोवर दोघींशी एक करार करा: लेकीच्या पानात विचारल्याशिवाय तूप वाढायचं नाही, आणि आजीच्या नैवेद्यावर तिने बोलायचं नाही.