रोमान्स कादंबऱ्यांचं संपादन: वाचनवेड किती कामाला येतं?

प्रश्न: मी कित्येक वर्षं रोमान्स कादंबऱ्या झपाटल्यासारख्या वाचते. आता याच प्रकारात फ्रीलान्स संपादक म्हणून काम करावं असं वाटतंय. हे काम नक्की कसं असतं, आणि नुसत्या वाचनाच्या जोरावर ते जमेल का?

उत्तर: हेच काम मी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं वाचन फुकट जाणार नाही, हे आधी सांगून टाकते. रोमान्स न वाचणारे संपादक या प्रकारात येतात तेव्हा पहिल्या हस्तलिखितालाच अडखळतात. शेवट ठरलेला आहे हीच त्यांना पुस्तकाची कमजोरी वाटते. मग ते लेखकाला सुचवतात की शेवटी दोघं वेगळी झाली तर कथा जास्त खरी वाटेल. असं सुचवणाऱ्याकडे लेखक पुन्हा फिरकत नाही, आणि बरोबरच आहे. १९८० साली स्थापन झालेल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची जी व्याख्या केली तिच्यात दोनच अटी आहेत: मध्यवर्ती प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशादायी शेवट. लग्न झालंच पाहिजे असं नाही. ‘सध्या तरी सुखात’ एवढंही चालतं. धंद्यात त्याला एचएफएन (हॅपी फॉर नाऊ) म्हणतात आणि कायमच्या सुखाला एचईए (हॅपिली एव्हर आफ्टर). शोकान्त लिहायचा असेल तर खुशाल लिहावा, फक्त त्यावर रोमान्सचं लेबल लावू नये. त्या लेबलवर विश्वास ठेवून पुस्तक घेतलेला वाचक एक तारा देऊन जो संताप काढतो, तो बघण्यासारखा असतो.

आता गंमत बघा. शेवट पहिल्या पानापासून माहीत आहे, तरी वाचक रात्री दोनपर्यंत जागा आहे. ही दोघं एकत्र येणार का, याची त्याला चिंताच नसते. ती आत्ता एकत्र का येत नाहीत, हा प्रश्न त्याला जागं ठेवतो. माझ्या मते रोमान्स संपादकाचं निम्म्याहून जास्त डोकं या एकाच प्रश्नात खर्च होतं.

पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००३ मध्ये रोमान्स कादंबरीचे आठ घटक मांडले. भेट, आकर्षण, अडथळा, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटण्याचा क्षण, वगैरे. त्यांचा क्रम बदलू शकतो, पण घटक असतात. यातल्या ‘अडथळा’ या एका घटकावर अर्ध्या कादंबऱ्या आपटतात. नायिकेने नायकाला कुणा बाईला मिठी मारताना पाहिलं, ती न विचारता शहर सोडून गेली, आणि दीडशे पानांनंतर कळलं की ती त्याची बहीण होती. एका फोनवर मिटणारा हा गैरसमज वाचकाला छळतो, कारण त्यामुळे दोन्ही पात्रं बिनडोक ठरतात. माझी एक साधी चाचणी आहे: दोघांना बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अर्धा तास अडकवायचं आणि मोकळेपणाने बोलू द्यायचं. बाहेर येईपर्यंत कादंबरी संपली असेल तर अडथळा कच्चा आहे.

पक्का अडथळा कसा असतो? समजा नायिका एका कंपनीत काम करते आणि नायक त्याच कंपनीच्या हिशेबांची चौकशी करायला आलाय. हा झाला बाहेरचा अडथळा. चौकशी संपली की तोही संपणार. पण तिच्या मनात लहानपणापासून घट्ट बसलंय की कुणाची मदत घेतली की आपण त्याच्या मुठीत जातो. आणि त्याची प्रेम करण्याची एकच पद्धत आहे, समोरच्याचे प्रश्न सोडवत बसणं. आता चौकशी संपली तरी हे दोघं एकमेकांना बोचत राहणार. लिफ्टमध्ये अर्धा तास घाला, भांडूनच बाहेर येतील. इथे संपादकाला जीव रमवण्यासारखं काम असतं, कारण लेखकाला हे सगळं बहुधा अर्धवट जाणवलेलं असतं. पुस्तकात ते सापडतं, फक्त चुकीच्या प्रकरणात लपलेलं.

आणि शेवटाकडे हमखास येणारा अपघात! पुस्तक ऐंशी टक्के झालं की नायक गाडीखाली येतो, नायिका रुग्णालयात धावते आणि तिला तिच्या भावना कळतात. मी समासात एवढंच विचारते: ‘अपघात झाला नसता तर तिने हा निर्णय कधी घेतला असता? कशामुळे?’ उत्तर मिळालं की बऱ्याचदा अपघाताची गरजच उरत नाही. क्वचित लेखक अपघात ठेवतोही, पण मग नायिका रुग्णालयात पोचण्याआधीच बदललेली असते, आणि तो प्रसंग एकदम वेगळा वाचला जातो.

हे झालं डेव्हलपमेंटल एडिटिंग. त्यात हस्तलिखिताला हात फारसा लावायचा नसतो. लेखकाला एक लांबलचक पत्र जातं आणि समासात प्रश्न जातात. त्यानंतर लाइन एडिटिंग, म्हणजे वाक्यावाक्याची लय आणि स्पष्टता. मग कॉपी एडिटिंग, आणि पानं लावून झाल्यावर मुद्रितशोधन. नव्या लोकांना वाटतं की सगळं एका फेरीत उरकता येईल. नाही येत. जो परिच्छेद उद्या उडणार आहे त्यातले स्वल्पविराम आज तपासण्यात काय अर्थ आहे?

लाइन एडिटिंगचा एक नमुना दाखवते. ओळी माझ्या बनवलेल्या आहेत, कारण कुणाच्याही हस्तलिखितातलं वाक्य बाहेर काढायचं नाही हा या धंद्यातला पहिला नियम.

‘इराच्या छातीत धडधडलं. हा माणूस आपल्याला पुन्हा दुखावणार हे तिला माहीत होतं. तिच्या डोळ्यांतली भीती पाहून कबीरला स्वतःचाच राग आला. आपण इतके कठोर कधी झालो, असं त्याला वाटलं. इराने नजर वळवली.’

व्याकरणात एकही चूक नाही. पण पहिल्या दोन वाक्यांत आपण इराच्या मनात आहोत, पुढच्या दोन वाक्यांत कबीरच्या, आणि पाचव्यात परत इराकडे. याला हेड हॉपिंग म्हणतात. काही जुने, सराईत लेखक हे बेमालूम करतात, त्यामुळे मी ते सरसकट चूक मानत नाही. इथे मात्र नुकसान होतंय. कबीरला पश्चात्ताप झालाय हे वाचकाला इतक्या सहज कळलं की इराची भीती फुकट गेली. म्हणून मी लिहीन: ‘हा प्रसंग इराचा आहे ना? मग कबीरचा राग तिला बाहेरून किती दिसेल? तो काय करतो?’ लेखिका कदाचित असं करेल: ‘कबीर काहीतरी बोलणार होता. त्याने तोंड मिटलं आणि टेबलावरची किल्ली उगाचच उलटी करून ठेवली.’ आता इराला त्याचा अर्थ चुकीचा लावता येतो, आणि वाचकाला बरोबर. ती किल्ली मला सुचणं अपेक्षित नाही. मला फक्त जागा दाखवायची असते.

कॉपी एडिटिंगमध्ये मात्र सगळी मौज बारीकसारीक गोष्टींची. प्रत्येक पुस्तकाची एक स्टाइल शीट करावी लागते: डोळ्यांचा रंग, कोण चहा पितं आणि कोण कॉफी, कुणाला कुठल्या बाजूला व्रण आहे, कुठलं प्रकरण कुठल्या वारी घडतं. दहा दिवसांत दोन पौर्णिमा झालेल्या मी पाहिल्यात. प्रणयदृश्यात चक्क हात मोजावे लागतात. उत्कट परिच्छेदात नायकाला तिसरा हात फुटणं ही फार सामान्य गोष्ट आहे. एकदा काढलेला शर्ट पुढच्या पानावर पुन्हा काढला जातो, तो वेगळाच. आणि गुपचूप वाढवलेल्या बाळाच्या कथांमध्ये दिवसांचा हिशेब हमखास चुकतो. गर्भधारणेचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ‘त्या’ रात्रीनंतर साधारण चार आठवड्यांनी तपासायला गेलेल्या नायिकेला डॉक्टर सहा आठवडे झाल्याचं सांगणार. लेखक चार लिहितो आणि मग जन्मतारखेपर्यंत सगळं सरकत जातं.

ऐतिहासिक रोमान्स घेतलात तर तयारी आणखी वाढते. इंग्लंडचा रीजन्सी काळ, म्हणजे काटेकोर धरलं तर १८११ ते १८२०, हा या प्रकाराचा लाडका काळ. तिथल्या वाचकांना पदव्यांचं व्याकरण तोंडपाठ असतं. ‘सर’ नेहमी पहिल्या नावाला लागतो, आडनावाला एकट्याला कधीच नाही; आणि त्याच सरांची बायको मात्र आडनावाने लेडी होते. ड्यूकची मुलगी स्वतःच्या पहिल्या नावाने लेडी असते, बॅरनची मुलगी नुसती मिस. नायकाने खिशातून काडी काढून बुटावर घासली की मी थांबते, कारण घासून पेटणाऱ्या काड्या १८२७ मध्ये विक्रीला आल्या. ‘ओके’ छापील रूपात दिसतो १८३९ मध्ये, तोही बॉस्टनच्या वर्तमानपत्रात. आणि पळून जाऊन लग्न करायला सगळे स्कॉटलंडमधल्या ग्रेट्ना ग्रीनलाच का जातात? १७५४ पासून इंग्लंडमध्ये लागू झालेल्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागायला लागली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता आणि ते गाव सीमेला लागूनच होतं. हे माहीत असलं की घोडागाडी दोन तासांत लंडनहून तिथे पोचवणाऱ्या लेखकाला वेळेत अडवता येतं.

आता तुमच्या वाचनवेडाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. खूप वाचलेल्या माणसाच्या डोक्यात स्वतःचं एक आवडतं पुस्तक तयार असतं, आणि हातातलं हस्तलिखित त्या दिशेने ढकलायचा मोह होतो. तुम्हाला अबोल नायक आवडत असेल, आणि समोरचा नायक तर पानभर बडबडतो. तो बडबडतो ही तक्रार होऊ शकत नाही. त्याच्या बडबडीमुळे एखादा प्रसंग रेंगाळला तर ती तक्रार. बदल सुचवण्याआधी स्वतःला विचारायचं की हे मला खटकतंय की या पुस्तकाच्या वाचकाला खटकेल. इथे तुमच्या वाचनाची रुंदी महत्त्वाची ठरते. फक्त एकाच उपप्रकारात बुडालेल्या वाचकापेक्षा, न आवडणारे उपप्रकारही समजून घेतलेला वाचक चांगला संपादक होतो. दार बंद झाल्यावर कॅमेरा बाहेरच थांबणारी कथा आणि सगळं पानावर मांडणारी कथा, दोन्हींचे वाचक वेगळे, अपेक्षा वेगळ्या. माझ्याकडे काही प्रकार येतात ज्यांत मला गोडी नाही. ते मी सरळ दुसऱ्या संपादकाकडे पाठवते.

व्यवहाराचं थोडक्यात. पूर्वी हे काम प्रकाशनसंस्थांच्या आत व्हायचं. १९०८ ची मिल्स अँड बून आणि १९४९ ची कॅनडातली हार्लेक्विन या दोन मोठ्या घरांनी मालिकांचे साचे पक्के केले. १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकत घेतली. त्या मालिकांची पुस्तकं साधारण पन्नास हजार शब्दांच्या आसपासची, स्वतंत्र कादंबऱ्या त्याहून बऱ्याच मोठ्या. २००७ मध्ये ई-पुस्तकं वाचायचं ॲमेझॉनचं किंडल आलं, लेखक स्वतःच प्रकाशक झाले आणि संपादक शोधू लागले. आज फ्रीलान्सरचे गिऱ्हाईक बरेचसे हेच. दर शब्दांवर किंवा पानांवर ठरतो, आणि पान म्हणजे अडीचशे शब्द असा सर्वसाधारण संकेत आहे. काम घेण्याआधी काही पानांचं नमुना संपादन करून द्या. लेखकाला तुमचा हात कळतो आणि तुम्हाला हस्तलिखिताची अवस्था, जी ईमेलमधल्या वर्णनापेक्षा नेहमी वेगळी निघते. लेखी करार, फेऱ्या किती ते स्पष्ट, आणि तारीख राखून ठेवण्यासाठी आगाऊ रक्कम. यात भिडस्तपणा नको. अमेरिकेतली एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशन आणि ब्रिटनमधली चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एडिटिंग अँड प्रूफरीडिंग यांचे अभ्यासक्रम आहेत; इंग्रजीत काम करणार असाल तर त्यातला कॉपी एडिटिंगचा एखादा जरूर करा. ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेले बदल दिसत ठेवणारी वर्डमधली सोय, सफाईने वापरता आलीच पाहिजे. वर्ड मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं, ती सोय संवाद तपासायला उत्तम. डोळा जे माफ करतो ते कान करत नाही.

बरेच जण विचारतात की या कामामुळे वाचनाचा आनंद जातो का. थोडा जातो. काही महिने तर प्रत्येक पुस्तकात मी हेड हॉपिंगच शोधत होते. आता कामाचं सगळं पडद्यावर आणि आवडीचं सगळं कागदावर, हातात पेन न घेता, असा शिरस्ता ठेवलाय. तरीही एखादं पुस्तक मला संपादक असल्याचं विसरायला लावतं, तेव्हा ते मी मुद्दाम दुसऱ्यांदा वाचते, या वेळी पेन घेऊन. पहिल्या वाचनात मी कुठे फसले ते शोधायला.

सुरुवात करायची असेल तर लगेच अभ्यासक्रमाला पैसे भरू नका. तुम्ही अर्ध्यावर सोडलेली एक रोमान्स कादंबरी घ्या, नेटाने पूर्ण वाचा आणि तिच्या लेखकाला दोन पानांचं पत्र लिहा. पाठवायचं नाही. वाचक कुठे सुटला, कशामुळे सुटला, आणि पुस्तकात आधीच असलेल्या कुठल्या गोष्टीने ते सावरता येईल, एवढंच त्यात असू द्या. लिहून झालं की ‘मला आवडलं नाही’ या अर्थाची सगळी वाक्यं खोडा आणि किती मजकूर उरतो ते बघा. अर्ध्या पानाहून जास्त उरला, तर नमुना संपादनासाठी एखादा नवा लेखक शोधायला हरकत नाही.