त्यांना हिंमत कितव्या पानावर आली?

"मॅडम, वाचताना अंगात बळ येतं. पुस्तक मिटलं की मी पुन्हा तशीच." ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर लिहायलाच हवं.

एकीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. नोकरी कोपरखैरण्याला, रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल. बसायला जागा मिळाली की पर्समधून पुस्तक बाहेर. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची सभासद. (१८९३ सालची संस्था, मीही तिथलीच वाचक.) पगार तिचा, एटीएम कार्ड मात्र लग्नापासून नवऱ्याच्या पाकिटात. मारहाण नाही, धाक नाही. मागायचं कसं, एवढ्यावर चौदा वर्षं अडलेलं.

तेव्हा ती लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचत होती. म्हणाली, "लक्ष्मीबाई टिळकांची हिंमत माझ्यात कुठून येणार?"

"त्यांना ती कितव्या पानावर आली?"

ती हसली, मग गप्प झाली. मी काम दिलं: बाई जिथे घाबरल्या, रडल्या, अडून बसल्या, तेवढेच पान नंबर वहीत लिहायचे. धाडसाची पानं सोडून द्यायची.

दोन आठवड्यांनी वही आली. निळ्या पेनाने आकड्यांच्या दोन रांगा, शेवटी दोन सालं आणि त्यांच्याखाली जोरात ओढलेली रेघ. "बाईंचे नवरे, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले १८९५ला. बाईंनी बाप्तिस्मा घेतला १९००ला. पाच वर्षं, मॅडम! आणि मी ती दोन दिवसांत वाचून काढली, कोपरखैरणे यायच्या आत."

मी काहीच बोलले नाही. हे तिचं तिला सापडलं होतं, आणि अशा शोधासाठीच मी हे काम करते. त्या दिवशी मलाही उमगलं, की वाचणाऱ्याचा घोटाळा इथेच होतो. दुसऱ्याची पाच वर्षं आपण दोन दिवसांत संपवतो आणि स्वतःकडूनही तोच वेग मागतो. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, म्हणजे भावनेमागचा आपलाच विचार तपासायचा. 'आधी भीती जाऊ दे, मग बोलेन' ही अट आपणच घातलेली असते, आपणच ती काढू शकतो. भीती सोबत असतानाही बोलता येतं.

म्हणून सांगते, पुस्तकातून घेताना एकच वाक्य घ्या, पण ते स्वतःच्या घरातलं करा. कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत, ते ठरवा. मोठ्याने म्हणून बघा. मात्र घरात मारहाण असेल तर हा प्रयोग एकटीने करू नका; आधी सुरक्षित जागा बघा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

तिचं वाक्य होतं, "एक तारखेपासून कार्ड माझ्याकडे राहील." माझ्यासमोर ते अकरा वेळा म्हटलं. पहिल्या चार वेळा 'चालेल ना?' शेपटासारखं मागे यायचं.

पुढच्या महिन्यात आली.

"आवाज कापला?"

"खूप. त्यांनी दोनदा विचारलं, काय म्हणालीस म्हणून. मी दोन्ही वेळा तेच म्हणाले." पर्सची चेन उघडून तिने कार्ड टेबलावर ठेवलं. पुस्तकाच्या पानांत खूण म्हणून घातलेलं होतं.