डिमेन्शिया असलेल्या आईला केअर सेंटरमध्ये रिस्पेरिडोन सुरू केलंय. 'आता शांत असतात' म्हणतात. गोळीचा त्रास होतोय का, हे कसं ओळखावं?

मी अशाच एका केंद्रात सिस्टर आहे. 'आता शांत असतात' हे आम्हीच नातेवाइकांना सांगतो, आणि खरं सांगू का, संशय घ्यायचा तर याच वाक्याचा घ्या.

आमच्याकडे एक आजोबा होते. हॅलोपेरिडॉल (रिस्पेरिडोनसारखंच अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम-आक्रमकपणा कमी करायचं औषध) सुरू झाल्यावर चार दिवसांत त्यांना एका जागी बसवेना. जेवताना ताटावरून उठायचे, पाय सारखे चाळवायचे. आम्ही चार्टवर लिहिलं, 'चिडचिड वाढली'. डोस वाढला, आजोबा आणखी बेचैन. ती बेचैनी आजाराची नव्हती, गोळीचीच होती. तिला अकाथिसिया म्हणतात. डोस उतरवल्यावर ते पुन्हा बसून जेवायला लागले. ते चार्ट मीच लिहिलं होतं.

रिस्पेरिडोनवरही असं होऊ शकतं. भेटायला जाल तेव्हा आईंना चार पावलं चालवून बघा. पाय घासत चालतात का, चालताना हात हलतात का, चेहरा कोरा वाटतो का, लाळ गळते का? एकदा जेवणाच्या वेळी जा. घास गिळताना ठसका लागत असेल तर लगेच सांगा, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. गोळीमुळे आलेल्या अशा ताठरपणावर कधीकधी पॅसिटेन नावाची दुसरी गोळी जोडतात. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ आणि बद्धकोष्ठता त्याने वाढते. त्याआधी रिस्पेरिडोनच कमी करता येईल का, हे विचारा.

बीपी बहुतेक ठिकाणी पडल्या पडल्याच घेतात. पाच मिनिटं झोपवून एकदा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी घ्यायला सांगा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर पडायची भीती असते.

ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि शुद्ध हरपल्यासारखं झालं तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये रिस्पेरिडोनच्या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2005 मध्येच दिलाय. म्हणून घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नका. पण कशासाठी सुरू केली आणि कमी कधी करून बघणार, हे डॉक्टरांना विचाराच. ब्रिटनमध्ये किमान दर सहा आठवड्यांनी फेरविचार करायला सांगतात.

आणि आईंच्या चालण्याचा व्हिडिओ आजच काढून ठेवा. डॉक्टर पाच मिनिटं बघतात, तेही बसलेल्या पेशंटला.